क्लिपलेस : हौसेने घातलेली बेडी

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर "आधी का नाही बोललात?" असं कोणी म्हणायला नको. हा लेख भांडणाचा आहे. भांडण सायकलच्या पेडलवरून आहे. आता पेडलवरून कोणी भांडतं का, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण आपण मराठी माणसं. साबुदाण्याच्या खिचडीत कोथिंबीर चालते की नाही यावर आपल्याकडे दोन-दोन तास वाद रंगतात, तर मग बिचाऱ्या पेडलने काय घोडं मारलंय?

2020 साली जिम बंद झाल्या आणि बे एरियातल्या आपल्या बऱ्याच मंडळींना सायकलची आठवण झाली. त्या उन्हाळ्यात दुकानांत सायकली शोधून सापडत नव्हत्या, हे तुम्हालाही आठवत असेल. रस्त्यावरच्या गाड्यांची भीती वाटणाऱ्यांनी माउंटन बाइक घेतल्या आणि डोंगरातल्या पायवाटा धरल्या. फार छान झालं. रविवारी सकाळी चायना कॅम्पला किंवा सँटा टेरेसाला गेलात तर "अरे, हळू! डावीकडून येतोय!" असं शुद्ध पुणेरी मराठी हमखास कानावर पडतं. बटाटेवडे आणि थर्मासमधला चहा हा आमच्या राइडचा अधिकृत शेवट आहे.

पण या आनंदात एक खडा आहे. नवीन माणूस हौसेने सायकल घेतो, तीन-चार रविवार येतो आणि मग कोणीतरी जुना खेळाडू त्याच्या पायाकडे बघून विचारतो, "अजून फ्लॅटवरच का?" हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो तो सूर तुमच्या ओळखीचा आहे. "अजून भाड्याच्याच घरात का?" आणि "अजून एच-वनवरच का?" हे प्रश्न त्याच सुरात विचारले जातात. झालं. बिचारा त्याच आठवड्यात दुकानात जातो, पेडल आणि बूट मिळून दीड-दोनशे डॉलर मोजतो आणि पुढच्या रविवारी पाय सायकलला अडकवून डोंगर चढायला निघतो.

या प्रश्नाविरुद्ध माझं भांडण आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं. क्लिपलेस पेडल ज्या कारणासाठी आपल्याला विकलं जातं ते कारण खोटं आहे. त्याचं खरं कारण वेगळं आहे आणि ते नवशिक्याला लागू होत नाही. म्हणून चाळिशीच्या आसपास पहिल्यांदा डोंगरात सायकल नेणाऱ्या माणसाने पहिलं वर्षभर तरी साधी, सपाट, खिळ्यांची पेडल वापरावीत आणि त्याबद्दल कोणाचं काही ऐकून घेऊ नये.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. क्लिपलेस म्हणजे 'क्लिप नसलेलं'. प्रत्यक्षात या पेडलमध्ये तुमचा बूट खटकन अडकतो. म्हणजे ज्याचं नाव 'मोकळं' तेच नेमकं बांधून ठेवतं! पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलवर पावलाच्या पुढच्या भागाला एक धातूचा पिंजरा आणि कातडी पट्टा असे. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. 1984 साली फ्रान्सच्या लुक कंपनीने, जी आधी बर्फावरच्या स्कीची बाइंडिंग बनवत असे, स्कीचीच युक्ती पेडलला लावली. 1985 साली बर्नार ईनो या फ्रेंच सायकलपटूने लुकची पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि पिंजऱ्यांचे दिवस संपले. पिंजरा म्हणजे क्लिप गेली, म्हणून क्लिपलेस. नाव तेवढं मागे राहिलं.

डोंगरातली गोष्ट वेगळी होती. तिथे मधेच उतरून सायकल ढकलावी लागते, खांद्यावर घ्यावी लागते. रस्त्यावरच्या बुटांना तळाशी बाहेर आलेला प्लास्टिकचा मोठा त्रिकोण असतो, त्यावर बदकासारखं चालावं लागतं. म्हणून 1990 साली जपानच्या शिमानोने एसपीडी पेडल आणलं. त्यात बुटाच्या तळव्यातल्या खोबणीत दोन बोल्टनी एक छोटी पोलादी पट्टी बसवतात. तिला क्लीट म्हणतात. पेडलला स्प्रिंगचा जबडा असतो. क्लीटचं टोक त्यात घालून पाय दाबला की खट् आवाज होतो आणि बूट अडकतो. सुटायचं असेल तर टाच बाहेरच्या बाजूला दहा-पंधरा अंश फिरवायची. यंत्र म्हणून ही वस्तू अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो ती कोणाला, कधी आणि काय सांगून विकली जाते याबद्दल.

'कार्यक्षमता' नावाची भूल

आमच्या ग्रुपमधल्या एकाला दुकानातल्या विक्रेत्याने सांगितलं होतं की क्लिपलेसने तुमची ताकद तीस टक्क्यांनी वाढते. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच वाक्य सगळीकडे ऐकू येतं. युक्तिवाद असा असतो : साध्या पेडलवर तुम्ही फक्त खाली दाबू शकता, पण पाय अडकवलेला असला की वर ओढूही शकता. म्हणजे दोन्ही पाय पूर्ण वेळ कामाला. ऐकायला इतकं पटतं की कोणी पुढे विचारतच नाही.

आता जिना चढताना काय होतं ते आठवा. पुढचा पाय पायरीवर ठेवून आपण त्यावर जोर देतो आणि शरीर वर जातं. मागचा पाय वर ओढल्याने कोणी वर जात नाही. मांडीचे आणि पार्श्वभागाचे स्नायू आपल्या शरीरातले सर्वांत दणकट स्नायू आहेत आणि त्यांचं काम ढकलणं हेच आहे. पाय वर उचलणारे स्नायू त्यांच्या मानाने किरकोळ. त्यांना रोजंदारीवर लावलं तर ते काम करतात, पण मजुरी जास्त घेतात.

हे मी मनाचं सांगत नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलपटूंना मुद्दाम पेडल वर ओढायला सांगितलं. बळाची दिशा कागदावर सुधारली, पण तेवढ्याच कामाला शरीराने जास्त ऊर्जा खर्च केली, म्हणजे कार्यक्षमता उलट घटली. 2008 सालच्या दुसऱ्या अभ्यासात साधी पेडल आणि क्लिपलेस यांची तुलना केली, तर नेहमीच्या वेगाने चालवताना कार्यक्षमतेत फरक पडला नाही. मुरलेले सायकलपटूसुद्धा एरवी वर ओढत नाहीत. वर येणाऱ्या पायाचं ओझं दुसऱ्या पायावर कमीत कमी पडेल, एवढीच काळजी ते घेतात.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की उभं राहून, जीव खाऊन काही सेकंदांचा स्प्रिंट मारताना अडकवलेल्या पायाचा फायदा होतो आणि तोही मोजलेला आहे. शर्यतीत हे काही सेकंद महत्त्वाचे असतात. पण मंडळी, आपण रविवारी सकाळी कोणाशी शर्यत लावलेली असते? वड्यांशी?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक जुना नियम आहे. प्रोग्रॅम हळू चालत असेल तर आधी मोजा, खोळंबा कुठे होतोय ते शोधा आणि तिथेच हात घाला. न मोजता भलत्याच ठिकाणी वेग वाढवायला गेलात तर वेळही जातो आणि नवे घोटाळेही होतात. दिवसभर क्लायंटला हे ऐकवणारा माणूस रविवारी सायकलवर बसला की नेमकं तेच करतो. नवशिक्याचा खोळंबा पेडलमध्ये नसतो. तो दमात असतो, ब्रेक चुकीच्या जागी दाबण्यात असतो, नजर पुढच्या वळणाऐवजी पुढच्या चाकावर असण्यात असतो आणि टायरमध्ये दगडासारखी हवा भरण्यात असतो. हवा थोडी कमी केली तर चढावर टायरची पकड लगेच सुधारते. त्याला एक पैसाही पडत नाही. पण फुकटचा सल्ला कोणाला आवडतो?

वेग शून्य, उंची नव्हे

आता मुख्य मुद्दा. तोल गेला की माणूस काय करतो? पाय सरळ उचलून बाजूला टेकवतो. आपल्या पिढीने तर सायकल शिकताना पहिल्यांदा हेच गिरवलं. तासावर भाड्याने आणलेली, आपल्यापेक्षा उंच सायकल, मधल्या दांडीखालून पाय घालून मारलेले अर्धे पेडल, पायात स्लिपर. तोल गेला की टेकव पाय. तीस-पस्तीस वर्षांत ही सवय हाडात मुरली आहे. क्लिपलेस पेडल नेमकं हेच करू देत नाही. आधी टाच बाहेर फिरवा, मग पाय उचला. डोक्याला हे पाच मिनिटांत कळतं, पण घाबरलेल्या पायाला कळायला काही महिने लागतात.

यातले बरेचसे अपघात वेगात होत नाहीत. चढावर, चालण्याच्या गतीने जाताना पुढचं चाक एखाद्या मुळीला किंवा दगडाला अडतं. सायकल थांबते. पाय अडकलेला. एक क्षण माणूस पुतळ्यासारखा उभा राहतो आणि मग झाड तोडल्यासारखा आडवा होतो. बघणाऱ्यांना हसू येतं. पण वेग शून्य असला तरी उंची शून्य नसते. आणि पडताना प्रत्येक जण हात पुढे करतो.

आमच्यातले एक गृहस्थ, वय 46, डेटाबेसचं काम करणारे, सँटा टेरेसाच्या रॉकी रिज ट्रेलवर असेच पडले. तो ट्रेल नावाप्रमाणेच दगडांचा आहे. नवीन पेडल, दुसरीच राइड. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, नंतर फिजिओथेरपी, इन्शुरन्सचं डिडक्टिबल आणि डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप केलेल्या क्वेरी. आपलं पोट हातावर आहे, मंडळी, अगदी शब्दशः. विशीतलं हाड पटकन जुळतं, चाळिशीतलं सवडीने जुळतं.

पण मला जास्त वाईट वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. मनगट बरं झालं, पण सायकल गराजमधल्या हुकावरून खाली उतरली नाही. आता ती ट्रेडमिलच्या, तबल्याच्या आणि त्या मोठ्या कॅमेऱ्याच्या शेजारी शांतपणे नांदते आहे. हौसेच्या वस्तूंचं हे वृद्धाश्रम आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी आहे. त्यात एका चांगल्या, चालू सायकलची भर पडली ती एका खोट्या कारणासाठी.

आणि हे फक्त पुरुषांचं नाही. हौशी नवरा स्वतःबरोबर सौ.लाही तीच पेडल घेऊन देतो, "एकदा सवय झाली की सोपं असतं गं" म्हणतो. ती दोनदा पडते. तिसऱ्या रविवारी ती येत नाही. मग हाच नवरा चहा पिताना सांगतो की तिला सायकलिंगची आवड नाही. आवड होती हो, पाय मोकळा नव्हता.

डोंगरी सायकल जन्माला आली मोकळ्या पायांनी

"खरे माउंटन बाइकर क्लिपलेसच वापरतात" असं म्हणणाऱ्यांना मी मरीनचा इतिहास ऐकवतो. आपल्या नशिबाने तो इतिहास आपल्या अंगणातच घडला आहे. गोल्डन गेट ओलांडून पलीकडे गेलं की माउंट टॅमलपायस आणि फेअरफॅक्स गाव. तिथल्या एका उतारावर 21 ऑक्टोबर 1976 रोजी पहिली 'रिपॅक' शर्यत झाली. सायकली होत्या तीस-चाळीसच्या दशकांतल्या जुन्या, जड श्विन. ब्रेक उलटं पेडल मारून लागणारे. उतार संपेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस तापून धूर होऊन जायचं आणि ते पुन्हा भरावं, म्हणजे 'रिपॅक' करावं लागायचं. म्हणून ते नाव. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी त्या उतारावरून जीन्स आणि कामगारांचे जाड बूट घालून उतरत होती. एसपीडी यायला अजून चौदा वर्षं होती. फेअरफॅक्सला 2015 साली सायकलींचं संग्रहालय उघडलं, तिथे या जुन्या सायकली बघायला मिळतात. पुढच्या वेळी गावाहून आई-बाबा आले की गोल्डन गेटचे फोटो काढून परत फिरू नका, अर्धा तास पुढे जा.

"तो जुना काळ झाला" असं म्हणाल तर नव्या काळाकडे या. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल साध्या पेडलवर डाउनहिलचा विश्वविजेता झाला, 2006, 2007 आणि 2010 साली. मग एंड्युरोमध्ये उतरला आणि 2017, 2018, 2019 अशी सलग तीन वर्षं तिथली जागतिक मालिका जिंकला. तीही साध्या पेडलवर, आणि बाकीचे बहुतेक स्पर्धक क्लिपलेसवर असताना. म्हणजे साधी पेडल ही नवशिक्यांची तीनचाकी आहे, ही समजूत तरी सोडा.

दुसऱ्या बाजूला ऑलिंपिकमधल्या क्रॉस-कंट्री शर्यतीत तुम्हाला सगळीकडे क्लिपलेसच दिसेल. तेही बरोबर आहे. तिथे दीड तास जीव तोडून चढायचं असतं आणि स्प्रिंट सेकंदांवर येतो. म्हणजे प्रश्न 'खरा' आणि 'खोटा' बाइकर असा नाहीच. प्रश्न आहे की तुम्ही काय करायला निघाला आहात.

मग क्लिपलेस कशासाठी?

आता कोणी म्हणेल, "याला स्वतःला जमत नाही, म्हणून द्राक्षं आंबट." तर तसं नाही. दोन वर्षं साध्या पेडलवर काढल्यानंतर मी लांब पल्ल्याच्या राइडला क्लिपलेस वापरतो आणि सोकेलच्या जंगलातल्या उड्यांच्या ट्रेलवर साधी पेडल लावतो. म्हणूनच त्याचं खरं कारण मला सांगता येतं. ते असं : खडबडीत उतारावर सायकल हादरते तेव्हा पाय पेडलवरून उडत नाही. दर वेळी पाय त्याच जागी बसतो, तीन-चार तासांच्या राइडमध्ये तो सारखा सावरावा लागत नाही. बस्स, एवढंच. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. खिळ्यांच्या पेडलवरून पाय घसरला तर खिळे नडगीत घुसतात. माझ्या नडगीवर त्याच्या सह्या आहेत, त्यामुळे ही बाजूही मला पाठ आहे.

पण नवशिक्याचा पाय पेडलवरून का उडतो? कारण टाच वर असते, गुडघे ताठ असतात आणि सगळा भार हातांवर असतो. टाच खाली, गुडघे सैल, भार पायांवर, एवढं जमलं की पाय आपोआप पेडलला चिकटून राहतो. साधं पेडल ही चूक लगेच दाखवून देतं. क्लिपलेस ती झाकून ठेवतं. ओंडक्यावरून सायकल उचलतानाही तेच. पाय अडकलेला असला की सायकल पायाला लटकून वर येते आणि आपल्याला उडी मारता येते असा भास होतो. साध्या पेडलवर शरीर आधी खाली दाबून, मग मागे आणि वर नेऊन, पावलांनी पेडल मागे रेटत सायकल उचलावी लागते. ते एकदा जमलं की जन्मभर जमलं. हार्मोनियमच्या साथीशिवाय सूर लागतो का, ते आधी बघावं, तसं आहे हे.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. खालच्या तिन्ही गोष्टी खऱ्या असतील तर खुशाल क्लिपलेस घ्या. एक, वर्षभर नियमित डोंगरात सायकल चालवली आहे. दोन, थांबल्यावर दोन-तीन सेकंद पाय न टेकता तोल सांभाळता येतो. तीन, "मला क्लिपलेस का हवं?" या प्रश्नाचं उत्तर "सगळ्यांकडे आहे" किंवा "दुकानदार म्हणाला" याहून वेगळं आहे.

घ्यायचंच असेल तर

भांडण बाजूला ठेवून थोडं कामाचं बोलतो, कारण घेणारे घेणारच.

तीन बोल्टची रस्त्यावरची पेडल डोंगरासाठी घेऊ नका, कितीही सेलमध्ये असली तरी. दोन बोल्टचीच घ्या आणि भोवती रुंद चौकट असलेली घ्या, म्हणजे घाईत पाय अडकला नाही तरी टेकायला जागा मिळते. एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला क्लिप अशी जोडपेडल ऑफिसला जायला ठीक. डोंगरात मात्र नको तीच बाजू वर येते.

शिमानो घेतलंत तर डब्यात बहुधा एसएच-51 क्लीट येते. ती फक्त टाच फिरवली तरच सुटते. दुकानात एसएच-56 वेगळी मागा. ती पाय जोरात वर किंवा तिरका ओढला तरी सुटते, म्हणजे घाबरलेल्या पायाचं थोडं तरी ऐकते. पेडलवर 3 मिलिमीटरच्या ॲलन-कीने फिरणारा एक स्क्रू असतो, त्याने स्प्रिंग सर्वांत सैल करून ठेवा. दोन्ही बाजूंचे, दोन्ही पेडलचे, असे चार स्क्रू आहेत. तीनच सैल करून चौथा विसरणारे महाभाग मी पाहिले आहेत.

क्रँक ब्रदर्सच्या पेडलमध्ये चिखल साचत नाही आणि चार बाजूंनी पाय अडकवता येतो. पण त्यात स्प्रिंगचा ताण बदलता येत नाही. कोणती क्लीट कोणत्या बुटाला लावली यावर पाय 15 अंशांत सुटणार की 20 अंशांत हे ठरतं. नवशिक्याने अर्थातच 15. त्यांच्या पितळी क्लीट पोलादी क्लीटपेक्षा लवकर झिजतात, त्यामुळे अधूनमधून बूट उलटा करून बघत जा.

क्लीट बुटावर शक्य तितकी मागे बसवा. डोंगरात तोल सावरायला ते बरं पडतं. गुडघा दुखायला लागला तर क्लीटचा कोन बदला, गुडघ्याला बाम लावत बसू नका. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे पाना हातात घेण्यापूर्वी आठवा. आणि पहिला आठवडा डोंगर नाही. पार्कातली हिरवळ बघा, प्रत्येक पायाने पन्नास-पन्नास वेळा अडकवा आणि सोडवा. थांबण्याच्या आधी, थांबल्यावर नव्हे. शेजारी हसतील. हसू देत.

आणि साधी पेडल घेणाऱ्यांनो, साधी म्हणजे सायकलबरोबर फुकट आलेली गुळगुळीत प्लास्टिकची नव्हेत. रुंद, मध्ये किंचित खोलगट आणि खिळे असलेली घ्या. पन्नासेक डॉलरमध्ये नायलॉनची उत्तम मिळतात. पायात धावण्याचे गुबगुबीत बूट नकोत. सपाट, चिकट रबरी तळव्याचे बूट घ्या. नडगीला पॅड लावा. शिन-गार्ड लावलेला माणूस फुटबॉलला चालतो, मग डोंगरात लाज कसली?

शेवटी मंडळाला विनंती

आपलं मंडळ म्हणजे शर्यतीचा संघ नाही. गणपतीत आरतीला कोण सुरात आहे हे बघून आपण कोणाला झांजा देत नाही. ज्याच्या हाताला लागेल तो वाजवतो, म्हणून तर ती आरती रंगते. रविवारच्या राइडचंही तसंच असावं. चाळिशी-पन्नाशीत बऱ्याच जणांच्या डॉक्टरांनी साखर, कोलेस्टेरॉल आणि पाठ या तीन विषयांवर प्रवचन दिलेलं असतं. त्यातून एक माणूस घराबाहेर पडून डोंगरापर्यंत येतो, ही मोठी गोष्ट आहे. त्याला तिथे टिकवणं हे आपलं काम आहे. त्याची ताकद किती टक्क्यांनी वाढते याला फार अर्थ नाही. तो पुढच्या वर्षी या दिवसांत आपल्याबरोबर असतो की नाही, याला आहे.

तेव्हा माझ्या तीन मागण्या आहेत. ज्यांच्याकडे खिळ्यांची जुनी पेडल पडून आहेत त्यांनी ती मंडळाच्या पेटीत द्यावीत. नवीन येणाऱ्याला पहिले काही महिने ती फुकट वापरायला मिळावीत. पेडल बदलायला दहा मिनिटं लागतात, पाना मी आणतो. दुसरी मागणी, नवशिक्यांच्या राइडला "अजून फ्लॅटवरच का?" हा प्रश्न विचारणाऱ्याने त्या दिवशी सगळ्यांना वडे द्यावेत. आणि तिसरी, ज्यांना माझं हे सगळं म्हणणं साफ अमान्य आहे त्यांनी जरूर भांडायला यावं. मी बहुतेक रविवारी चायना कॅम्पच्या पार्किंगमध्ये सकाळी आठला असतो.

फक्त भांडण सुरू करण्यापूर्वी दोन्ही पाय सोडवून जमिनीवर टेकवा. आडव्या पडलेल्या माणसाशी वाद घालणं माझ्या संस्कारांत बसत नाही.